तीन बोटांवरची जागा

भूल उतरताना माणूस काय बरळेल याचा नेम नसतो. बँकेतला एक साहेब डोळे मिटूनच म्हणाला होता, "दार लावा, कोंबड्या आत येतील." त्यानं जन्मात कोंबडी ताटाबाहेर पाहिली नसेल. एका मास्तरीणबाईंनी सगळ्या खोलीला बाकावर उभं राहायला सांगितलं. एक भलादांडगा ट्रक ड्रायव्हर हुंदके देत आईला विचारत होता, माझे बूट कुठे ठेवलेस म्हणून. आईला जाऊन वीस वर्षं झालेली.

हे सगळं ऐकणारी बाई एकच. ऑपरेशननंतर पेशंटला जिथे आणून ठेवतात त्या लांबट खोलीत, खाटेला लागून लोखंडी स्टूल टाकून ती बसायची. पेशंटचं मनगट आपल्या मांडीवर उताणं घ्यायची आणि त्यावर उजव्या हाताचा अंगठा रोवून गपगुमान राहायची. पडद्यांतून उजेड असा गाळून यायचा, की सकाळ आहे का दुपार हे घड्याळालाच विचारावं लागे. यंत्रं टुकटुक करायची. कुणी कण्हायचं, कुणी हसायचं. आणि ही त्या सगळ्याच्या मधोमध, ओढ्यात पाय सोडून बसल्यासारखी.

वॉर्डात तिला मावशी म्हणत. आता रुग्णालयात मावश्या काय, पायलीच्या पन्नास. झाडणारी मावशी, चहाची मावशी, भांडं देणारी मावशी. पण पुढेमागे काही न लावता नुसतं मावशी म्हटलं, की ती हीच. माझं अपेंडिक्स काढलं तेव्हा माझं मनगटही तिच्या मांडीवर होतं. मी काय बरळलो ते तिनं मला आजतागायत सांगितलेलं नाही. विचारलं की तोंडावर हात ठेवून हसते.

दुर्बिणीचं ऑपरेशन म्हणजे काय ते आता सगळ्यांना ठाऊक झालंय. पोटाला तीनचार भोकं पाडतात, एकातून दुर्बीण घालतात, बाकीच्यांतून लांब दांड्याच्या कात्र्या-चिमटे, आणि डॉक्टर टीव्हीकडे बघत आतलं काम उरकतात. पण आत हात चालवायला जागा हवी, म्हणून आधी पोटात वायू भरून ते टम्म फुगवतात. मावशी पेशंटला समजावून सांगायची ती तिच्या पद्धतीनं. "ओली वैरण खाऊन गाय फुगते ना, तसं फुगवतात. मग काम झालं की हवा सोडून देतात. थोडी आत राहते, ती वर चढते आणि खांदा धरते. उद्या म्हणाल, कापलं पोट आणि दुखतोय खांदा. तेव्हा घाबरायचं नाही."

ती बोलणार गाईचंच, कारण वयाच्या नवव्या वर्षापासून ती गोठ्यात बसलेली. पहाटे धारा, संध्याकाळी धारा. अंगठा आत मुडपून मुठीनं दूध काढायची तिची रीत. त्यानं उजव्या अंगठ्याला अशी काही जाण आली होती की सडाला नुसता लावला की गाय आज बिथरणार की पान्हा सोडणार ते तिला कळे. डावा अंगठा मात्र एका तांबड्या गाईनं लाथ मारून कायमचा वाकडा केला होता. पुढे गोठा मोडला, नवरा गेला, आणि ती रुग्णालयात फरशी पुसायला लागली. तिथे पेशंटना व्यायाम शिकवणाऱ्या एक बाई होत्या. आता त्या निवृत्त झाल्या. त्यांनी तिचा अंगठा पाहिला आणि पोछा बाजूला ठेवायला लावून तिला ती जागा शिकवली.

जागा मनगटाच्या आतल्या बाजूला असते. हाताचा पंजा जिथे सुरू होतो तिथली घडी धरायची, तिथून कोपराकडे तीन बोटं मोजायची. तिसऱ्या बोटाच्या कडेला, दोन ताठ दोऱ्यांच्या मध्ये, एक लहानसा खळगा लागतो. तो दाबून धरला की मळमळ बसते, असं त्या बाई म्हणायच्या. आणि एक गोष्ट त्यांनी मावशीच्या डोक्यात खिळ्यासारखी ठोकली होती: मोजायची ती पेशंटची बोटं. स्वतःची नाही. पहिलवानाचं मनगट तुझ्या बोटांनी मोजशील तर जागा खालीच राहील, पोरीचं मोजशील तर वर निघून जाईल. ज्याचं अंग त्याचंच माप.

भूल देणारे डॉक्टर चेष्टेखोर होते. उलटी होऊ नये म्हणून ते सुईतून औषध द्यायचे, आणि मावशीला कधी अडवायचे नाहीत. म्हणायचे, "माझं इंजेक्शन आणि मावशींचा अंगठा, दोन्ही असू द्या. गुण कुणाचा ते विचारू नका, आमच्यात भांडणं होतील." मावशीही कधी कुणाला औषध सोड म्हणाली नाही. भुलीआधी पाच मिनिटं दाबायचं, मग त्या जागेवर बटण येईल असा रबरी पट्टा मनगटाला चढवायचा, आणि शुद्ध येऊ लागली की पट्टा काढून पुन्हा अंगठा. इतकंच तिचं काम. गेली अठरा वर्षं.

ते पट्टे शिवायची तिची धाकटी बहीण.

दोघी एकाच घरात राहायच्या. दोन खोल्या, पुढच्या खोलीत धाकटीचं शिवणयंत्र. खिडकीखाली यंत्र, यंत्राखाली चिंध्यांचा डोंगर, आणि भिंतीवर दुसऱ्यांचे कपडे टांगलेले. बिनडोक्याची, बिनपायांची माणसं कायम घरात उभी असल्यासारखी वाटायची. धाकटी तोंडानं फाटकी, हातानं नेटकी. पट्ट्याला ती कोटाचं जाड बटण लावायची आणि प्रत्येक वेळी टोमणा शिवून द्यायची.

"घे गं ताई, तुझी जादूटोण्याची बटणं. दाबून माणूस बरा होत असता, तर इस्त्रीनं मी रोज शंभर कॉलरी दाबते."

"मग? तुझ्या कॉलरीला कधी उलटी झाली का?" मावशी म्हणायची.

असं चाललेलं. मग धाकटीच्या पित्ताशयात खडे निघाले.

बरगडीखाली कळ यायची ती थेट पाठीत घुसायची. यंत्रावर बसल्या बसल्या ती वाकून जायची, सुई तशीच कापडात. डॉक्टर म्हणाले, काढून टाका, दुर्बिणीनं होईल, दोन दिवसांत घरी. धाकटी म्हणाली, बघू. असं बघू बघू करत तिनं सात महिने काढले. लोकांना वाटायचं बाई चाकूला भिते. ते काही खरं नव्हतं. कात्री तर रोजच तिच्या हातात. तिची भीती वेगळी होती. मुलीच्या वेळी तिचं पोट कापून बाळंतपण झालं होतं, आणि त्यानंतर दोन दिवस ती उलट्या करत होती. ताजी शिवण, आणि वर पोट ढवळून निघतंय. दर उलटीला वाटायचं, आता टाके उसवणार. तिसऱ्या दिवशी दोन टाके खरंच उसवले. शिवणाऱ्या बाईला उसवण्याची भीती कळते तशी दुसऱ्या कुणाला कळणार नाही.

शेवटी एका दुपारी तिचे डोळे पिवळसर दिसायला लागले. डॉक्टरांनी आवाज चढवला. खडा नळीत उतरलाय, तो काढून घेतो, पण पुढच्या आठवड्यात पित्ताशयही काढायचंच, आता बघू नाही. घरी आल्यावर धाकटी यंत्रासमोर बसली, चाक हातानं उगीच मागेपुढे फिरवत राहिली.

"ताई."

"काय गं?"

"मी तयार आहे. पण अंगठा तुझा पाहिजे. भूल चढेपर्यंत आणि शुद्ध येताना. दुसऱ्या कुणाचा हात लागला तर मी तशीच उठून घरी येईन."

"तू? तुझा कुठे विश्वास आहे त्या जादूटोण्यावर?"

"विश्वासाचं काय घेऊन बसलीस! उलटी नकोय मला. कबूल आहे का बोल."

"कबूल," मावशी म्हणाली, आणि उजवी मूठ मिटून घेतली.

कारण त्या मुठीतला अंगठा मेला होता.

चार महिने झाले होते. आधी सकाळी उठल्यावर मुंग्या यायच्या. मग चहाचा कप चटका द्यायचा बंद झाला. मग एके दिवशी एका पेशंटच्या मनगटावर अंगठा ठेवला आणि खाली काहीच लागेना. कातडी नाही, दोऱ्या नाहीत, खळगा नाही. हातमोजा घालून दुसऱ्याच कुणाच्या हाताला हात लावावा तसं. तिनं ते कुणाला सांगितलं नाही. जाग्या माणसाचं एक वेळ निभायचं. पेशंटला म्हणायचं, मूठ आवळा. दोऱ्या वर उठायच्या, त्या डोळ्यांनी दिसायच्या. अंगठा ठेवला की पेशंट स्वतःच म्हणायचा, हां, इथे जरा ठणकतंय. पण भुलीतून येणारा माणूस मूठ आवळत नाही आणि काही सांगत नाही. तिथे ती नुसत्या सवयीनं दाबत होती. अंधारात हात दिव्याच्या बटणावर पडतो तशी सवय. आणि रोज घरी जाताना तिला वाटायचं की आपण कुणाच्या तरी खिशातून काहीतरी काढून नेतोय.

ऑपरेशनच्या तीन दिवस आधीची गोष्ट. धाकटीला कळ आली होती, म्हणून मावशी तिला सुईत दोरा ओवून देत होती. समोर पांढरा सदरा पसरलेला.

"ताई, सदऱ्यावर लाल काय ते?"

मावशीनं खाली पाहिलं. सुई अंगठ्यात चांगली अर्धी घुसलेली, आणि रक्ताचा थेंब सदऱ्याच्या खिशावर. तिला पत्ता नव्हता.

"टोमॅटो असेल," ती म्हणाली, आणि हात मागे घेतला.

धाकटीनं तिच्याकडे पाहिलं. मग सदरा उचलून डाग थंड पाण्यात धरला. 

ऑपरेशनच्या आदल्या संध्याकाळी जेवणं झाल्यावर मावशी मागच्या खोलीतून आली तर धाकटी दिव्याखाली बसलेली. डावा हात टेबलावर उताणा, उजव्या हाताची तीन बोटं मनगटावर आडवी ठेवून माप घेत होती. मग बॉलपेन घेऊन तिनं तिथे फुली मारली. दोनदा गिरवली.

"हे काय?"

"खूण. उद्या शोधत बसायला नको."

"अठरा वर्षं शोधतेय मी. माझ्यावर भरवसा नाही वाटतं."

"भरवसा आहे गं. पण खूण असलेली बरी. खुणेशिवाय मी कापडाला कात्री लावत नाही."

 मावशीला मनातून बोचलं, आणि त्याच्याच मागोमाग असं हलकं वाटलं की तिला स्वतःचीच लाज वाटली. खूण होती. आता अंगठ्याला काही कळलं नाही तरी चालणार होतं. आणि मापाच्या बाबतीत धाकटी चुकेल असं तर तिच्या स्वप्नातही आलं नसतं. धाकटीनं नजरेनं सांगितलेली कंबर टेपनं कधी खोटी पाडली नव्हती.

दुसऱ्या दिवशी सकाळी धाकटी उपाशीपोटी खाटेवर बसली, अंगात मागून नाड्या बांधायचा रुग्णालयाचा हिरवा झगा. ती तो उलटसुलट बघत होती.

"कुणी शिवलाय हा? गळा आहे की भगदाड? आणि ही तिरकी शिवण... डोळे मिटून मारली आहे."

"गप्प बस. आत सगळे असाच घालतात."

"म्हणूनच आजारी पडतात."

भूलवाले डॉक्टर आले, त्यांनी उजव्या हातात सलाईनची सुई बसवली आणि डाव्या मनगटावरची फुली पाहिली. "अरे वा! इथे खजिना पुरलाय का?" धाकटी हसली, पण ओठ कोरडे होते. डॉक्टरांनी सलाईनमधून थोडं औषध सोडलं. ते गेलं तसे तिचे डोळे जड व्हायला लागले, आणि तिचा चेहरा मावशीला एकदम लहानपणचा दिसला, गोठ्यातल्या वैरणीच्या ढिगावर झोपायची तेव्हाचा.

मावशीनं फुलीवर अंगठा ठेवला. दाबला. अंगठ्याखाली धुकं होतं.

"कळतंय का गं?" तिनं विचारलं.

"कळतंय," धाकटी म्हणाली. "तुला लागली का जागा?"

"लागली."

मग मावशीनं फुलीवर बटण येईल असा पट्टा चढवला, धाकटीनंच शिवलेला, आणि खाट ढकलत आत नेली.

आत जायची मावशीला मुभा नव्हती. ती दारासमोरच्या बाकावर बसली. दाराला एक गोल काच, काचेतून नुसता निळसर उजेड. बसल्या बसल्या तिला डुलकी लागली असावी, किंवा नसावीही. ती गोठ्यात होती. धुकं इतकं की गाईच्या अंगाची ऊब लागायची पण गाय दिसायची नाही. ती हातानं चाचपत होती. इथे कास असायला हवी, इथे सड. हात पुढे जाई आणि धुकं मागे सरे. कुठेतरी बादलीत धार पडत होती, म्हणजे कुणीतरी दूध काढत होतं, पण ते कोण हे काही दिसेना. तिनं हाक मारली, कोण आहे? तर शिवणयंत्राचा आवाज आला.

दार उघडलं. खाट बाहेर आली.

धाकटीचा रंग राखेसारखा. तोंडावर प्राणवायूचा मास्क, अंगाला हुडहुडी. लांबट खोलीत खाट लागली, यंत्रं जोडली. वॉर्डाच्या मोठ्या सिस्टर स्वतः आल्या होत्या, कारण मावशीची बहीण. मावशीनं स्टूल ओढलं, पट्टा सोडला, मनगट मांडीवर घेतलं आणि फुलीवर अंगठा रोवला.

थोडा वेळ काही नाही. मग धाकटीनं आवंढा गिळला. पुन्हा गिळला. ओठांच्या कडा पांढऱ्या पडल्या. मावशीला ही चिन्हं पाठ होती. तोंडाला पाणी सुटलं, आता येणार. तिनं जोर वाढवला. नख पांढरंफटक झालं. धाकटीचं अंग गचका देऊन वर उचललं गेलं, सिस्टरनी झटकन मास्क काढून मान कुशीवर केली, आणि ती ओकली. हिरवं पाणी, थोडंसं. पण पोटावरच्या चार भोकांनी तिला असं काही पिळलं की झोपेतच ती ओरडली, "उसवलं!"

"काही उसवलं नाही," सिस्टर म्हणाल्या आणि इंजेक्शन भरायला वळल्या. "मावशी, दाबा ना नीट."

मावशी दाबत होती. जीव काढून दाबत होती. आणि धाकटी पुन्हा आवंढे गिळायला लागली. मग मावशी तिच्या कानाशी वाकली आणि अगदी हळू, गोठ्यात गाईशी बोलावं तशी म्हणाली, "मला काही कळत नाही गं. माझा अंगठा मेलाय. चार महिने झाले."

धाकटीचे डोळे अर्धवट उघडले. ती मावशीकडे पाहत नव्हती. छताकडे, छताच्याही पलीकडे कुठेतरी बघत होती.

"केवढं मोठं कापड आहे," ती म्हणाली. जीभ जड होती. "सगळं पांढरं. ढगाला बाह्या लावायच्यात म्हणे. उद्या द्यायचाय."

"हो, हो. देऊ."

"पण खुणेवर शिवायचं नाही. अर्धं बोट जास्त धरलंय मी. शिवणीसाठी." तिनं पुन्हा गिळलं. "आत घे, ताई. अर्धं बोट आत घे."

 मावशीनं फुलीकडे पाहिलं. आयुष्यभर जिनं प्रत्येक मापाला शिवणीपुरती जागा सोडून खूण केली, तिच्या हातानं कातडीलाही तीच रीत लावली होती. तीन बोटं मोजली, आणि वर अर्धं बोट सोडून फुली.

तिनं धाकटीचा उजवा हात उचलला. सिस्टर ओरडल्या, "अहो, सलाईन आहे त्या हाताला!"

"धरा मग ती नळी." मावशीनं धाकटीचीच तीन बोटं, निर्जीव, गार, तिच्याच डाव्या मनगटावर आडवी ठेवली. तिसऱ्या बोटाची कड जिथे आली तिथून फुली चांगली अर्धं बोट कोपराकडे होती. माप मिळालं. पण दोऱ्या? खळगा? ते डोळ्यांना दिसत नव्हतं, आणि झोपलेला हात मूठ आवळणार नव्हता.

"सिस्टर," मावशी म्हणाली, "तुमचं बोट द्या."

"म्हणजे?"

"इथे ठेवा. खाली दोन दोऱ्या लागतात का?"

मोठ्या सिस्टरनी इंजेक्शन दिलं, सुई ठेवली आणि बोट ठेवलं. त्यांनी मावशीकडे असं पाहिलं की मावशीनं मान खाली घातली.

"लागतात."

"त्यांच्या मधोमध या. खळगा आहे?"

"आहे."

"आता अंगठा ठेवा. एकदम जोर नाही. बुडू द्या. तिच्या श्वासाबरोबर जरा जास्त, श्वास सोडला की जरा कमी. घाई नाही. पान्हा फुटायची वाट बघतोय असं समजा."

सिस्टर बसल्या. मावशी उभी राहून दुसऱ्याच्या अंगठ्याकडे बघत राहिली. उजेड गाळून येत होता. धाकटीनं एकदा गिळलं, मग बऱ्याच वेळानं एकदा, आणि मग श्वास लांबला. ओठांना रंग आला. ती पुटपुटली, "आता बसली बाही," आणि घोरायला लागली.

इंजेक्शनचा गुण की अंगठ्याचा, ते मी सांगत नाही. मलाही ती भांडणं नकोत. धाकटीला एकदाच उलटी झाली, आणि टाके शाबूत राहिले, एवढं खरं.

पुढचं जे व्हायचं ते झालं. मोठ्या सिस्टरनी मावशीला बाहेर नेलं.

"किती दिवस?"

"चार महिने."

"आणि तुम्ही रोज बसत होता? काही न कळता?"

"हो."

"मला सांगायला काय झालं होतं? तोंड होतं ना?"

"तोंड होतं. अंगठा नव्हता. अंगठा नाही म्हटल्यावर पोछाच की हातात." मावशीनं नजर वर केली नाही. "तसा पोछाही धरता येत नाही आता."

सिस्टर चांगल्या कडाडल्या. अर्धा वॉर्ड ऐकत होता. मग त्यांनीच भूलवाल्या डॉक्टरांना बोलावलं. डॉक्टरांनी मावशीचं उजवं मनगट उताणं धरलं आणि घडीवर बोटानं टकटक केली. अंगठ्यापासून मधल्या बोटापर्यंत वीज गेली तशी मावशी उडाली. चार महिन्यांत अंगठ्याला पहिल्यांदा काहीतरी कळलं होतं.

"कमाल आहे," डॉक्टर म्हणाले. या वेळी ते चेष्टा करत नव्हते. "अठरा वर्षं लोकांची जी जागा दाबलीत, तिच्या खालूनच अंगठ्याला जाण देणारी शीर जाते. तुमची पुढे घडीपाशी चिमटली आहे. धारा काढून म्हणा, दाबून म्हणा. मोकळी करता येईल. दुर्बिणीनंच. बारीकसं भोक."

दुसऱ्या दिवशी धाकटी भिंतीच्या कडेकडेनं व्हरांड्यात चालत होती. एक हात पोटावर, एक खांद्यावर.

"खांदा धरला का?" मावशीनं विचारलं.

"धरला. तू म्हणाली होतीस तस्सा. गाईसारखी फुगले होते म्हणे मी."

दोघी चार पावलं पुढे गेल्या.

"तुला माझ्या अंगठ्याचं कधी कळलं?" मावशी म्हणाली.

"घरात टोमॅटो नव्हते," धाकटी म्हणाली.

मावशी थांबली. धाकटी थांबली नाही. पुढे जाता जाताच बोलली, "म्हटलं, तुला शोधायला नको. खूण करून द्यावी, तुझंही निभेल आणि माझंही. आता हात शिवणीची जागा सोडतो त्याला मी काय करू? तीस वर्षांची खोड आहे."

"आणि तेव्हा 'कळतंय' म्हणालीस ते?"

"तू नाही का 'लागली' म्हणालीस?"

 खांदा धरून हसता येत नाही, तरी धाकटी हसली, आणि हसताना "आई गं, आई गं" करत राहिली.

मावशीचं स्टूल अजून त्या खोलीत आहे, पण आता त्यावर पेशंटचं माणूस बसतं. कुणाचा नवरा, कुणाची सून. मावशी समोर उभी राहते, हात मागे बांधून, आणि बोलते. "तुमची बोटं नाही हो, त्यांची. घ्या, त्यांचाच हात घ्या. लाजता काय, बायकोच आहे ना?" मोठ्या सिस्टरनीच ही नवी रीत लावून दिली. धाकटी पट्टे शिवते, मात्र आता प्रत्येक पट्ट्याबरोबर तीन बोटं रुंदीची कापडाची चिंधी द्या म्हणते, नमुन्याला. मावशी तिला सांगून थकली की ज्याचं अंग त्याचंच माप.

मावशीच्या मनगटाची तारीख लागली तेव्हा डॉक्टर म्हणाले, नुसता हात बधिर करून भागेल. मावशी म्हणाली, नको, आत चाललेलं मला दिसायला नको, झोपवा. मग आठवडाभर दुपारी यंत्र थांबवून धाकटी तिचा डावा हात मांडीवर घेऊन सराव करायची.

"शिवणीची जागा सोडू नकोस."

"माहीत आहे."

"अजून पंजाकडे ये. तिथे. आई गं! अगं बटण लावतेस का?"

"लागलं ना?"

"लागलं."

ऑपरेशन झालं. अंगठ्याला जाण परत येतेय, पण गोगलगाईच्या चालीनं. परवा म्हणे चहाचा चटका बसला आणि ती घरभर सांगत सुटली. शुद्धीवर येताना तिच्याजवळ स्टुलावर धाकटी होती. मावशी काय बरळली ते मी धाकटीला विचारून पाहिलं. तिनं तोंडातल्या टाचण्या काढल्या, माझ्याकडे पाहिलं, आणि टाचण्या परत तोंडात धरून यंत्र चालू केलं.